लिंक्डइनवर उत्तर आलं नाही तर परत विचारावं का? आणि काय लिहून?

प्रयोगशाळेतली

नमस्कार. मी एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला (क्यूसी) आहे. दिवसभर एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) असते आणि बहुतेक काम स्टॅबिलिटीच्या, म्हणजे औषध किती काळ टिकतं ते बघायच्या, सॅम्पल्सचं. मला रेग्युलेटरी अफेअर्समध्ये, म्हणजे औषधाला नियामकांची मंजुरी मिळवायच्या कामात, जायचंय. आमच्याकडे त्या विभागात आतून बदली होत नाही, म्हणून बाहेरच्या लोकांशी ओळख करून घ्यावी असं ठरवलं आणि लिंक्डइनवर काही जणांना लिहिलं. अनोळखी माणसाला स्वतःहून लिहायची मला सवय नाही. एकेका मेसेजला अख्खी संध्याकाळ गेली.

आता झालंय असं. एका मॅडमनी कनेक्शन स्वीकारलं, मेसेज वाचला (खाली त्यांचा छोटा फोटो दिसतो), आणि पुढे काहीच नाही. दुसरे एक सर कनेक्ट झालेत, पण मेसेज उघडल्याची खूण नाही. मात्र त्यांच्या पोस्ट रोज येतात, लोकांच्या कमेंटना उत्तरंही देतात. तिसऱ्यांना पाठवलेली इन्व्हिटेशन अजून 'पेंडिंग' आहे.

पहिल्या दोघांना पाठवलेला मजकूर साधारण असा होता: "नमस्कार. मी क्यूसीमध्ये काम करते आणि मला रेग्युलेटरी अफेअर्समध्ये करिअर करायचं आहे. तुमचा अनुभव खूप मोठा आहे. कृपया मला मार्गदर्शन कराल का? तुमची आभारी राहीन."

माझी एक सहकारी म्हणते, परत लिहू नकोस, हे क्षेत्र लहान आहे, उगाच मागे लागणारी म्हणून नाव व्हायचं. पण मला खरंच या कामात जायचंय, आणि विचारल्याशिवाय कळणार तरी कसं? परत लिहायचं तर किती दिवसांनी? तोच मेसेज पुन्हा टाकू का? आणि ज्यांनी वाचून उत्तर दिलं नाही त्यांना लिहिणं म्हणजे बळजबरी होईल का?

जुना वाचक

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. ज्याला उत्तर द्यायचं असतं तो देतो. वाचून गप्प बसणं हेही उत्तरच आहे. समोरच्यावर आपलं काही देणं नाही, त्याचा वेळ त्याचा आहे. दोघातिघांच्या मागे अडकून पडण्यापेक्षा नव्या वीस जणांना लिहा, त्यातले दोन बोलतील. मी नोकरी बदलली तेव्हा हेच केलं, एकालाही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

डॉसियरवाली

मी बरीच वर्षं रेग्युलेटरीत आहे. तू पाठवलास तसले मेसेज मला सतत येतात, त्यामुळे पलीकडे काय होतं ते सांगते. वरच्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे, समोरच्यावर आपलं देणं नसतं. पण वाचून गप्प बसणं म्हणजे नकार, हे माझ्या बाबतीत तरी खरं नाही.

मेसेज उघडला जातो तो फोनवर, दोन मीटिंगांच्या मध्ये. समज त्याच दिवशी एखाद्या नियामक संस्थेचं डेफिशियन्सी लेटर (अर्जातल्या त्रुटींचं पत्र) येऊन पडलंय. त्यातल्या प्रत्येक शंकेला मुदतीत उत्तर द्यायचं असतं. त्यासाठी क्यूसीकडून क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचे आलेख) मागवा, प्लांटकडून बॅच रेकॉर्ड मागवा, कच्च्या मालाच्या पुरवठादाराला आठवण करा, हे सगळं चालू असतं. त्यात तुझा मेसेज दिसतो. मी वाचते, मनात म्हणते की संध्याकाळी नीट लिहीन. संध्याकाळपर्यंत वर नवे मेसेज आलेले असतात, तुझा खाली सरकलेला असतो, आणि एकदा उघडल्यामुळे ठळक अक्षरंही गेलेली असतात. राहून जातं ते असं. त्यात तुझ्याबद्दल बरं-वाईट काही मत झालेलं नसतं. तू परत लिहिलंस की तोच संवाद पुन्हा वर येतो आणि आधीचा मेसेज त्याच्या डोक्यावर दिसतोच. म्हणून जुना मजकूर पुन्हा चिकटवायची गरज नाही.

पण खरी अडचण वेगळी आहे, आणि ती तुझ्या मजकुरात आहे. 'मार्गदर्शन कराल का' याला मी काय लिहू? 'हो' म्हटलं तर पुढे काय विचारलं जाणार ते माहीत नाही. नीट उत्तर द्यायचं तर आधी मलाच तुला विचारावं लागेल: फॉर्म्युलेशन (तयार औषध) की एपीआय (त्यातला मूळ औषधी घटक), कोणत्या देशांचं काम करायचंय, अनुभव किती, डॉसियर (मंजुरीसाठी द्यायचा कागदपत्रांचा संच) कधी हातात घेतलंय का. म्हणजे मदत मागितलीस तू आणि प्रश्न तयार करायचं काम आलं माझ्यावर. असे मेसेज मी सद्भावनेनेच बाजूला ठेवते आणि ते बाजूलाच राहतात.

आता उलट उदाहरण. एका मुलाने मला लिहिलं होतं, तोही क्यूसीतलाच. त्याचा प्रश्न असा: ॲक्सिलरेटेड कंडिशनला, म्हणजे ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेला, सहा महिन्यांच्या आत सिग्निफिकंट चेंज आला तर आम्ही ३० अंश आणि ६५ टक्क्यांचा इंटरमीडिएट डेटा काढतो, एवढं मला माहीत आहे; पण ३.२.पी.८ (डॉसियरमधला स्टॅबिलिटीचा भाग) लिहिताना तुम्ही तो बदल सारांशातच मांडता, की नियामकाने विचारल्यावर खुलासा करता? मी लिफ्टची वाट बघत उभी होते. तिथेच टाइप केलं: सारांशातच मांडायचा, कारणासकट. तक्त्यात एक आणि सारांशात दुसरंच दिसलं की तपासणाऱ्याचा विश्वास उडतो आणि मग साधी विधानंसुद्धा तो संशयाने वाचतो. चार ओळी झाल्या. पुढे त्याने अजून एक प्रश्न विचारला, मग आम्ही फोनवर बोललो. आमच्याकडे जागा निघाली तेव्हा मला आठवला तो तोच.

लक्षात घे, त्याने काही मोठं ज्ञान दाखवलं नव्हतं. त्याला काय येतं आणि कुठे अडलंय, एवढंच दोन वाक्यांत समोर ठेवलं. उत्तर माझ्या बोटांवर होतं.

आणि तू तर स्टॅबिलिटीत काम करतेस! हे तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नाही. सीटीडी म्हणजे डॉसियरचा ठरलेला आराखडा, त्याचे पाच मॉड्यूल असतात. त्यातलं तिसरं क्वालिटीचं, आणि आमचा मोठा वेळ तिथेच जातो. तू मशीनवर बसून जे आकडे काढतेस तेच ३.२.पी.८ मध्ये जातात, मेथड व्हॅलिडेशन (चाचणीची पद्धत भरवशाची आहे याचा पुरावा) ३.२.पी.५ मध्ये जातं. रेग्युलेटरीत अनेकांनी क्रोमॅटोग्राम फक्त पीडीएफमध्ये पाहिलेला असतो. पीक (आलेखातलं शिखर) का फुटला, इंटिग्रेशन (त्याखालचं क्षेत्रफळ मोजणं) हाताने का करावं लागलं, हे ज्याला कळतं त्या माणसाची आम्हाला गरज असते. 'मी क्यूसीमध्ये काम करते' एवढ्यावर थांबलीस तर हे सगळं झाकलं जातं.

किती दिवसांनी? माझ्या मते पहिली आठवण आठ-दहा दिवसांनी. त्याआधी केलीस तर घाई वाटते, फार उशिरा केलीस तर संदर्भ तुटतो. त्यानंतर आणखी एकदाच, महिन्या-दीड महिन्याने, आणि तेही सांगण्यासारखं नवीन काही असेल तरच. म्हणजे एखादा कोर्स पूर्ण केलास, एखाद्या गाइडलाइनवर अडलीस, त्यांची एखादी पोस्ट तुझ्या कामात उपयोगी पडली. तेही नसेल तर थांब. तिसऱ्यांदा आठवण करू नकोस. त्या माणसाशी भविष्यात कधी मुलाखतीत समोरासमोर येशील तेव्हा दोन सभ्य आठवणी कुणाला खटकत नाहीत, पाच खटकतात.

काय लिहू नये ते पण सांगते. 'माझा मेसेज पाहिला का?' हे नको, कारण त्याचं प्रामाणिक उत्तर 'हो, पाहिला' एवढंच आहे आणि ते लिहायला माणूस संकोचतो. नुसतं प्रश्नचिन्ह तर अजिबात नको. 'जेंटल रिमाइंडर' हा शब्द ऑफिसात एकमेकांना वापरू दे, ज्याने काही कबूल केलेलं नाही त्याला कसली आठवण? न मागता सीव्ही जोडू नकोस. आणि कंपनीच्या आतलं काही विचारू नकोस, म्हणजे कोणतं प्रॉडक्ट कुठे फाइल केलंय, नियामकाने काय शंका काढल्या वगैरे. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं हे मला कळतं, तरी अशा मेसेजला मी उत्तर देऊच शकत नाही, 'सांगता येणार नाही' हेही लिहीत नाही.

एक वाक्य मात्र जरूर घाल: वेळ नसेल तर तसं एका ओळीत कळवलं तरी चालेल. हे वाचलं की माझ्यावरचं ओझं उतरतं, आणि गंमत म्हणजे मग मी बहुधा उत्तरच देते.

भरतीवाला

ताईंनी मजकुराचं छान सांगितलं. मी कंपन्यांसाठी माणसं शोधतो, दिवसभर लिंक्डइनवरच असतो, त्यामुळे यंत्रणेच्या बाजूने थोडं.

तुमच्याकडच्या तिन्ही शांतता वेगवेगळ्या आहेत, त्यांना एकाच मापाने मोजू नका.

पहिली, वाचल्याची खूण. ही खूण दोन्ही बाजूंनी सेटिंग चालू असेल तरच दिसते. ज्यांनी ती बंद ठेवली आहे त्यांनी तुमचा मेसेज दहा वेळा वाचला तरी तुम्हाला कळणार नाही. म्हणून दुसऱ्या सरांनी मेसेज उघडलाच नाही असं धरून चालू नका, आणि उघडला असंही धरू नका. काही जण नोटिफिकेशनमध्ये पहिली ओळ बघतात आणि तिथेच ठरवतात. तुमची पहिली ओळ 'नमस्कार, मी क्यूसीमध्ये काम करते' अशी आहे. फोनच्या पडद्यावर तेवढंच दिसलं असणार.

दुसरी गोष्ट, रोज पोस्ट करतात तरी उत्तर का नाही. पोस्ट आधी लिहून वेळ लावून ठेवता येते, माणूस त्या क्षणी तिथे असेलच असं नाही. कमेंट दिसतात नोटिफिकेशनमध्ये, मेसेज असतात वेगळ्या ठिकाणी. त्यात इनबॉक्स 'फोकस्ड' आणि 'अदर' असा विभागलेला असेल तर अनोळखी लोकांचे मेसेज 'अदर'मध्ये जाऊन पडू शकतात, आणि तिकडे महिनोन्महिने न फिरकणारे मी खूप पाहिलेत. हे सर कमेंटना उत्तर देतात ना? मग त्यांच्या एखाद्या पोस्टखाली, विषयाला धरून, खरोखर पडलेला प्रश्न विचारा. तिथे उत्तर मिळालं की त्याच दिवशी मेसेज करा: 'तुम्ही आज जे सांगितलंत त्याच अनुषंगाने'. ओळख झालेली असते. फक्त प्रत्येक पोस्टवर 'खूप छान सर' लिहीत सुटू नका, त्याने काही होत नाही.

तिसरी, पेंडिंग इन्व्हिटेशन. इथे पाठपुरावा करायला जागाच नाही, कारण कनेक्ट झाल्याशिवाय सहसा साधा मेसेज जात नाही. इन्व्हिटेशन मागे घेऊन नव्याने पाठवावी असं वाटत असेल तर एक लक्षात ठेवा, मागे घेतल्यावर त्याच व्यक्तीला तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा पाठवता येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर ती तशीच राहू दिली असती. इन्व्हिटेशनसोबत नोट लिहिली नसेल तर मात्र मागे घेऊन, थांबून, नोटसकट पाठवण्यात अर्थ आहे. नोटमध्ये दोन-तीन वाक्यंच मावतात आणि फुकटच्या खात्यावर अशा नोटा महिन्याला मोजक्याच मिळतात, तेव्हा त्या विचार करून वापरा.

प्रीमियम (पैसे भरून घेतलेलं) खातं असेल तर इनमेलचा, म्हणजे कनेक्ट न होता मेसेज पाठवायचा, रस्ता आहे. त्यात ९० दिवसांच्या आत उत्तर आलं तर खर्च झालेलं क्रेडिट परत मिळतं. पण इनमेलने मजकूर सुधारत नाही. वाईट प्रश्न पैसे भरून पाठवला तरी वाईटच राहतो.

आणि हो, मेसेज पाठवल्यावर चूक दिसली तर ६० मिनिटांच्या आत तो बदलता येतो. नाव चुकलं म्हणून लगेच दुसरा माफीचा मेसेज टाकू नका, पहिलाच दुरुस्त करा.

शिकवणारी

'उत्तर नाही म्हणजे नकार' यावर थोडं. संघटनात्मक मानसशास्त्र हा माझा विषय आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा बोन्स यांचा २००८ सालचा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. लोक थेट मदत मागतात तेव्हा समोरचा 'हो' म्हणण्याची शक्यता ते निम्म्यापर्यंत कमी धरतात, असं त्यात दिसलं. पण पुढे २०१७ मध्ये बोन्स यांनी महदी रोगानिझाद यांच्याबरोबर ईमेलवरची विनंती आणि समोरासमोरची विनंती यांची तुलना केली, आणि तिथे उलटं निघालं. समोरासमोर मागणाऱ्यांनी स्वतःला कमी लेखलं होतं, ईमेलवर मागणाऱ्यांनी आपल्या मजकुराचा प्रभाव जास्त धरला होता.

म्हणजे लिहून केलेली विनंती मुळातच दुबळी असते आणि आपल्याला ते लिहिताना जाणवत नाही. मेसेज लिहिताना आपला हेतू, आपली तळमळ आपल्याला माहीत असते. वाचणाऱ्यापर्यंत त्यातलं फारच थोडं पोचतं. ताई, तुमची संध्याकाळ त्या मेसेजमध्ये गेली, पण ती संध्याकाळ त्यांना दिसत नाही. त्यामुळे या शांततेचा अर्थ स्वतःच्या लायकीशी लावू नका. आणि शक्य असेल तिथे आवाजाकडे वळा. एखाद्या वेबिनारमध्ये प्रश्नोत्तरांच्या वेळी माइक सुरू करून विचारलेला एक प्रश्न बऱ्याच मेसेजांना भारी पडतो.

जुना वाचक

डॉसियरवाल्या ताईंचं वाचून पटलं. माझ्या क्षेत्रात जागा भराभर निघतात, त्यामुळे नव्या माणसाकडे जाणं परवडतं. इथे माणसंच मोजकी असतील तर एकदा परत विचारणं बरोबर आहे. पण नवीन लोकांना लिहिणं थांबवू नका, एवढं माझं अजूनही म्हणणं आहे.

प्रयोगशाळेतली

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नीट कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ताई, वाचून उत्तर न दिलेल्या मॅडमसाठी असं लिहिलंय, बघता का?

"नमस्कार मॅडम. मागच्या आठवड्यात मी तुम्हाला लिहिलं होतं. आज नेमका प्रश्न घेऊन आले आहे. मी स्टॅबिलिटीच्या सॅम्पल्सचं एचपीएलसी करते, रिलेटेड सबस्टन्सेसचा ट्रेंड काढते, आउट ऑफ ट्रेंड निकालांच्या चौकशीत भाग घेते. डॉसियर लिहिण्याचा अनुभव नाही. क्यूसीतून येणाऱ्या माणसाने रेग्युलेटरीची तयारी करताना आधी संपूर्ण सीटीडीची रचना शिकावी की मॉड्यूल ३ मधल्या स्टॅबिलिटीच्या भागापासून सुरुवात करून तिथे पक्कं व्हावं? तुमचं मत कळलं तर मला दिशा ठरवता येईल. तुमच्या हाताखाली एखादी जागा असेल तरी कृपया माझा विचार व्हावा. वेळ नसेल तर एका ओळीत कळवलंत तरी चालेल."

आणि हे त्या सरांनाही असंच पाठवू का? ते दोघं एकाच कंपनीत आहेत.

डॉसियरवाली

खूपच चांगलं झालंय. आउट ऑफ ट्रेंडचं (नेहमीच्या कलाबाहेर गेलेल्या निकालांचं) वाक्य तर ठेवच, ते वाचून मी स्वतः थांबले असते.

एकच वाक्य काढ, नोकरीचं. प्रश्नाला उत्तर द्यायला मी तयार असते, पण त्याच मेसेजमध्ये जागेचा विषय आला की मला वाटतं प्रश्न नुसता निमित्त होता, आणि जागा नसेल तर मग उत्तर देणंही अवघड होऊन बसतं. तुझा प्रश्न खरा आहे, तो एकटाच जाऊ दे. ओळख झाली, दोनदा बोलणं झालं, की सरळ विचार: तुमच्याकडे जागा निघणार असेल तर मला कळवाल का? तेव्हा त्यात काही गैर नाही. पहिली ओळही बदल. 'मागच्या आठवड्यात लिहिलं होतं' ऐवजी 'मी स्टॅबिलिटीचं एचपीएलसी करते, रेग्युलेटरीबद्दल एक प्रश्न आहे' अशी सुरुवात कर, वर भरतीवाल्यांनी म्हटलंय त्याप्रमाणे फोनवर तेवढंच दिसतं.

दोघांना एकच मजकूर पाठवू नकोस. एका कंपनीतले रेग्युलेटरीवाले शेजारी शेजारी बसतात, दुपारी बोलता बोलता 'मला पण असाच आला' हे निघतंच, आणि मग दोघांनाही वाटतं की दुसरा देईल उत्तर. मॅडमना हा पाठव. सरांच्या बाबतीत पोस्टखाली प्रश्न विचारायचा भरतीवाल्यांचा सल्ला बरा आहे, त्यांच्या लिखाणातलंच काहीतरी धरून.

उत्तर तुझ्या प्रश्नाचं मीही देऊन टाकते, तेवढ्यासाठी थांबू नकोस. स्टॅबिलिटीपासून सुरू कर. आयसीएच (औषधांचे नियम जुळवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) हिच्या संकेतस्थळावर क्वालिटीच्या भागाची एम४क्यू ही गाइडलाइन मोफत आहे, तिच्यातलं ३.२.पी.८ काढ, आणि तुझ्या रोजच्या कामातला कोणता कागद तिथे कुठे बसतो ते एका बाजूला लिहीत जा. रचना त्यातूनच कळत जाईल. कंपनीचा डेटा मात्र घरी नेऊ नकोस, रिकाम्या साच्यावर कर. अडलीस की इथेच लिही, मी बघते.